हयातीत देऊन टाकावे काय?

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या मराठी मंडळ्यांत मे महिन्याच्या अखेरीस निरोपसमारंभांची गर्दी होते. पूर्वी शाळेत नाव घालताना पुष्कळांची जन्मतारीख गुरुजींनी आपल्या सोयीने १ जून अशी लिहून घेतली. त्यामुळे शिक्षक, कारकून, दवाखान्यातील परिचारिका असे कितीतरी जण एकाच दिवशी, म्हणजे ३१ मे रोजी, सेवेतून मोकळे होतात. हार, शाल, पाळकसाहेबांची प्रार्थना आणि चार गोड शब्द, एवढ्यावर समारंभ आटोपतो. पुढे काही महिन्यांनी ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचा पगार, कम्युटेशनची रक्कम हाती येते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने एवढा पैसा एकत्र पाहिलेला नसतो. आणि पुष्कळदा, ज्या वर्षी तो घरात येतो त्याच वर्षी तो घरातून निघूनही जातो.

कोठे जातो हे वाचकांना सांगावयास नको. थोरल्याने पुण्यात किंवा हैदराबादेत घर पाहून ठेवलेले असते. धाकटीचे लग्न राहिलेले असते. भाच्याला दुकान घालावयाचे असते. मंडळीच्या इमारत फंडाचे पावतीपुस्तकही त्याच महिन्यात दाराशी येते. यांपैकी एकही मागणी पापाची नाही, आणि मागणारे कोणी परके नाहीत. शेतकऱ्याच्या घरी रक्कम नसते, चार एकर जमीन असते. तेथे मुलगा म्हणतो, "अप्पा, तुमच्या डोळ्यांदेखत कागद करून टाका. मागाहून आम्हा भावंडांत कटकट नको." तोही काही खोटे बोलत नसतो.

अशा वेळी एखादे गृहस्थ उपासनेनंतर थांबतात आणि हळूच विचारतात, "बंधू, हयातीतच देऊन टाकावे काय? आता आम्हाला काय लागणार आहे? दोन भाकरी." आपणा उपदेशकांच्या तोंडी याचे एक उत्तर तयार असते. द्या, प्रभू पाहील. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, पण मला ते फार सोपे वाटते. आईबापांनी म्हातारपणी आपल्या हाती घर, जमीन आणि काही ठेव राखणे म्हणजे लेकरांवर अविश्वास नव्हे, आणि देवावरही अविश्वास नव्हे. उलट लेकरांच्या प्रेमाची निगा राखण्याचा तो एक मार्ग आहे, असे माझे मत आहे. या मताला एक अपवादही आहे, तो पुढे येईल.

प्रथम पवित्र शास्त्राकडे पाहू. उधळ्या पुत्राचा दाखला आपण शब्बाथ शाळेत दरवर्षी शिकवितो, पण त्यातल्या पैशाचा हिशेब कोणी मांडीत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला तो बाप धाकट्याच्या मागणीवरून मिळकतीची वाटणी करून देतो. धाकटा आपला वाटा विकून दूर देशी जातो. पुढे तो परत येतो तेव्हा त्याच घरात बाप हुकूम सोडीत असतो. झगा आणा, अंगठी घाला, पुष्ट वासरू कापा! थोरला तक्रार करतो की मित्रांबरोबर मौज करावयास आपल्याला कधी एक करडूही मिळाले नाही. बाप उत्तर देतो की जे माझे ते सर्व तुझेच आहे. याचा अर्थ काय? वाटा ठरला होता, पण घराची सत्ता बापाच्याच हाती होती. जनावरे त्याच्या शब्दावर चालत होती, चाकर त्याचे ऐकत होते. म्हणूनच तर परत आलेल्या मुलाला मिठी मारून तो लगेच घरात घेऊ शकला. त्याने सगळेच थोरल्याच्या स्वाधीन करून ओसरीवर अंथरूण टाकले असते, तर धाकट्याला आत घ्यावयाचे की नाही हे थोरल्याने ठरविले असते. थोरल्याचे त्या दिवशीचे तोंड पाहता, काय ठरले असते ते सांगावयास नको. क्षमा करावयालाही हाती काही असावे लागते, हे आपल्या प्रवचनांत राहून जाते.

दुसरा शास्त्रभाग मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला. आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली आहे, असे म्हणून आईबापांच्या पोषणातून अंग काढून घेणाऱ्यांना प्रभू येशूने दोष दिला. देवाचे नाव घेऊनसुद्धा म्हाताऱ्यांच्या ताटातले काढता येत नाही, एवढा त्याचा अर्थ स्पष्ट आहे. पण हा भाग केवळ मुलांना उद्देशून वाचावा असे मला वाटत नाही. तो मंडळीलाही उद्देशून आहे. नुकत्याच निवृत्त झालेल्या सभासदाकडे मोठ्या देणगीची अपेक्षा धरताना, त्याच्या पत्नीच्या पुढच्या वीस वर्षांचे काय, हे आपण विचारतो काय?

याविषयी आपल्या देशाच्या कायद्यात एक गमतीची गोष्ट होती. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ११८ वे कलम असे होते की, ज्याला जवळचे नातेवाईक आहेत अशा माणसाने मृत्युपत्राने धर्मादायाला काही ठेवावयाचे तर ते मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे, आणि सहा महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत जमा केलेले असावे. मरणाच्या बिछान्यापाशी बसून कोणी धर्माच्या नावाने कागद लिहवून घेऊ नये, ही त्यामागची भीती. केरळातील एका धर्मगुरूंनी या कलमाविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते रद्द केले, कारण त्याचा जाच मुख्यतः ख्रिस्ती माणसालाच होता. निकाल योग्यच झाला. पण ती भीती मात्र मूर्खपणाची नव्हती. कायद्याने जे बंधन काढले ते मंडळ्यांनी स्वतःच्या विवेकाने पाळावयास हरकत नाही.

आता एक थोडे वेगळे पुस्तक. बेन सिराख याचे बोधाचे पुस्तक आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही, रोमन कॅथोलिक बायबलात आहे. मार्टिन लूथर यांनी १५३४ साली संपूर्ण बायबल जर्मन भाषेत छापले तेव्हा हे व अशी आणखी काही पुस्तके त्यात घातली. ती शास्त्राच्या तोडीची नव्हेत, पण वाचावयास चांगली, असे त्यांचे मत होते. या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात घरच्या कर्त्या माणसाला अगदी रोखठोक सल्ला आहे. अंगात श्वास आहे तोवर मुलगा, पत्नी, भाऊ, मित्र कोणालाही आपल्यावर सत्ता देऊ नये, आणि वाटणी अखेरच्या दिवसांसाठी ठेवावी. ऐकावयास कठोर वाटते. पत्नीचेही नाव त्या यादीत आहे, ते मला पटत नाही.

ते लूथर यांनाही पटले नसावे. त्यांनी ६ जानेवारी १५४२ रोजी आपले मृत्युपत्र स्वतःच लिहिले. वकिलांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्या काळच्या सॅक्सनीच्या रिवाजाप्रमाणे विधवेला थोडाच भाग मिळे, आणि तिच्यावर व मुलांवर पालक नेमले जात. लूथर यांनी हा रिवाज बाजूला सारून झुल्सडॉर्फची शेतीवाडी, विटेनबर्गमधले एक लहान घर आणि चांदीची भांडी व दागिने पत्नी कॅथरीना फॉन बोरा हिच्या नावे लिहिले. कारणेही नोंदविली. ती विश्वासू पत्नी होती, कर्जे तिलाच फेडावी लागणार होती, आणि तिने मुलांच्या हाताकडे पाहू नये तर मुलांनी तिच्याकडे पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. कोणी म्हणेल की लूथर यांना आपल्या मुलांविषयी शंका होती. तसे नव्हते. मुले तेव्हा लहानच होती. शंका होती ती मनुष्यस्वभावाविषयी. लूथर १५४६ च्या फेब्रुवारीत वारले. मृत्युपत्रात कायद्याच्या दृष्टीने उणिवा होत्या, पण तेथल्या राजाने ते मान्य केले. कॅथरीनेला पुढे युद्धामुळे पुष्कळ हाल सोसावे लागले, तरी ती आपल्या घरची धनीण राहिली.

विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत ज्यांनी पुन्हा उजेडात आणला, त्यांनाच पत्नीच्या म्हातारपणासाठी कागद करणे अविश्वासाचे वाटले नाही, हे ध्यानात घ्यावे. आपल्या भागातल्या मेथडिस्ट बंधूंसाठी आणखी एक साक्ष देतो. जॉन वेस्ली यांचे पैशाच्या उपयोगावरचे प्रवचन १७६० साली छापले गेले. मिळवा, वाचवा, द्या, हे त्याचे तीन भाग प्रसिद्धच आहेत. पण द्यावयाचा क्रम वेस्ली यांनी कसा लावला आहे ते आपण सांगत नाही. आधी स्वतःच्या गरजा, मग पत्नी, मुले व घरची माणसे, मग विश्वासणारे, आणि मग सर्व लोक. स्वतः वेस्ली यांनी जवळजवळ सारे देऊन टाकले आणि १७९१ साली वारले तेव्हा मागे फारसे काही ठेवले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते, हेही लक्षात असू द्यावे!

हयातीत देऊन टाकण्याचे परिणाम म्हटले की मराठी माणसाला वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' आठवते. १९७० साली ते रंगभूमीवर आले. निवृत्त झालेला नट आपली सारी पुंजी मुलगा व मुलगी यांना वाटून देतो आणि पुढे दोन्ही घरांत नकोसा होतो. मुलीच्या घरी तर त्याच्यावर चोरीचा आळ येतो. नाटक थोर आहे, पण त्याने आपली एक गैरसमजूत झाली आहे. वाईट मुले निघाली म्हणून असे झाले, आपली मुले चांगली आहेत, मग आपल्याला भय नाही, असे म्हणून आपण घरी जातो.

आपण मुलगा चांगलाच आहे असे धरू. त्याने अप्पांच्या फंडातून पुण्यात घर घेतले, आणि गावचे घरही अप्पांनी त्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिले. मग कारखाना बंद पडला, कर्जाचे हप्ते थकले, आणि सावकारापुढे गावचे घरही गेले. येथे कोण वाईट आहे? किंवा त्याहून दुःखाची गोष्ट, मुलगाच आधी गेला. या ठिकाणी ख्रिस्ती घराण्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. आपल्याला १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मुलगा मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर तिसरा हिस्सा पत्नीचा आणि उरलेले दोन हिस्से मुलांचे. आईबापांचा त्यात काहीही वाटा नाही. हिंदू कायद्यात आई ही मुलाची पहिल्या वर्गातली वारस आहे, आपल्याकडे तसे नाही. म्हणजे अप्पांनी दिलेले घर मुलाच्या मरणानंतर सुनेचे व नातवंडांचे झाले, आणि ती सून तरुण आहे, तिला आपले आयुष्य पुढे न्यावयाचे आहे. तिने घर विकले तर तिला दोष देता येईल काय? चांगल्या सुनेवर असा प्रसंग आणणे हेच मुळात बरे नव्हे.

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. सर्व देऊन टाकणारे आईबाप आपण त्याग केला असे समजतात. पण ते एक ओझेही मुलांच्या डोक्यावर ठेवतात. उद्यापासून आईबापांच्या औषधाचा प्रत्येक रुपया मुलाने मनात मोजावयाचा, आणि आईबापांनी तो कसा मोजतो ते त्याच्या चेहऱ्यावर वाचावयाचे. आम्हाला परीक्षेत आणू नको अशी प्रार्थना आपण रोज करतो. मग आपणच आपल्या लेकराला रोजच्या परीक्षेत का घालावे? जिच्या हातात स्वतःची पेन्शन आहे अशी आजी नातवाला दहा रुपये देते, सुनेला साडी घेते, मंडळीत आपले पाकीट घालते. तिला जे प्रेम मिळते ते पैशासाठी असते काय? तसे मला वाटत नाही. तिच्यापायी कोणाला कुढावे लागत नाही, म्हणून प्रेमाला मोकळी जागा मिळते.

आपल्या सीमाभागात यात एक जादा अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला मुलूख हैदराबाद संस्थानात व मग हैदराबाद राज्यात होता, म्हणून आजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत. नंतर राज्य बदलले, आजची पहाणी आणि दस्त कन्नडात. आणि औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या खेड्यातल्या आपल्या वृद्ध सभासदाला वाचता येते ते मराठी, तेही शुभवर्तमानापुरते. त्याच्या पुढे आलेला कागद बक्षीसपत्र आहे, हक्कसोडपत्र आहे, मुखत्यारपत्र आहे की नुसते मृत्युपत्र, हे त्याला आवाजावरून कळावे तरी कसे? यांत फरक केवढा आहे! मृत्युपत्र मरणानंतर लागू होते, आणि मन बदलले तर हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी जाते. रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राला कर्नाटकात मुद्रांक शुल्क फार थोडे आहे, म्हणून लेखनिक लोक तोच सल्ला देतात. स्वस्त म्हणजे हिताचे असे मात्र नव्हे. मुलींच्या बाबतीत हक्कसोडपत्र हे रीत म्हणूनच घेतले जाते. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. शेजारपाजारची चाल पाहून आपणही मुलगा जन्मतःच वारस असे धरून चालतो, परंतु आपल्या कायद्यात मुलाला जन्मतः काही हक्क नाही, आणि मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून आपला वाटा मागितला आणि देवाने त्यांचे म्हणणे खरे ठरविले, ही गोष्ट गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. शब्बाथ शाळेत ती क्वचितच शिकविली जाते.

कोणी म्हणेल, आता कायदा वृद्धांच्या बाजूचा आहे. आहे खरा. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा झाला. त्याखाली वृद्धाला वकिलाशिवाय न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास २३ व्या कलमाप्रमाणे परत मिळविता येते. पण 'अटीवर' हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अट असल्याचे दिसले पाहिजे. नुसते प्रेमाने दिलेले असेल तर हे कलम चालणार नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईला तिची मिळकत परत देवविली. तिने २०१९ साली मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते, आणि सांभाळाचे वचन एका वेगळ्या कागदावर मुलाने दिले होते. कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे न्यायालयाने या वेळी म्हटले. आनंदाची गोष्ट आहे. तरी त्या आईला खालच्या अधिकाऱ्यापासून दिल्लीपर्यंत चार वर्षे लागली, आणि घर परत मिळाले तरी मुलगा परत मिळाला असे कोणत्या निकालात लिहिता येते? द्यावयाचेच असेल तर अट कागदात स्पष्ट लिहावी, यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्याहून बरे म्हणजे वापर द्यावा, मालकी ठेवावी. शेत मुलाने करावे, घरात मुलाने राहावे, उत्पन्न त्याने घ्यावे. कागद आईबापांच्या नावे असावा, आणि दोघांपैकी एक गेला तर तो मागे राहणाऱ्याकडे जावा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी हा लेख पुढे नेऊ शकत नाही. काही वडील माणसे पासबुक उशीखाली ठेवतात आणि मृत्युपत्राचा चाबूक करतात. आज या मुलावर रागावले की त्याचे नाव काढले, उद्या त्या मुलीवर. घरात जो पाया पडेल त्याला जमीन. चाळीस वर्षे संसार केलेल्या पत्नीला बँकेत किती आहे हे माहीत नसते, आणि पती अचानक गेला की ती बिचारी कोणत्या बँकेत जावे हे विचारीत फिरते. लूक बाराव्या अध्यायातला कोठारे वाढविणारा श्रीमंत आठवावा. त्याने साठविले म्हणून तो मूर्ख ठरला असे मला वाटत नाही. योसेफानेही मिसरात धान्य साठविले होते. तो आपल्या जिवाशीच बोलत बसला, त्याच्या हिशेबात दुसरे माणूसच नव्हते. राखावे ते उघडपणे राखावे. पत्नीला, मुलामुलींना एकत्र बसवून सांगावे की हे एवढे आहे, हे आमच्या अखेरीपर्यंत आमच्या नावे राहील, आणि पुढे असे असे होईल. मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदार घ्यावे, आणि ज्याला काही ठेवले आहे त्याला किंवा त्याच्या पत्नीला साक्षीदार करू नये; तसे केल्यास त्याला ठेवलेला भाग बाद होतो. बँकेत नॉमिनी घातला म्हणजे तोच मालक झाला, हीही चुकीची समजूत आहे. ठेवीचा नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा.

ठेवी कोठे ठेवाव्यात हा माझा विषय नव्हे, एकच सांगतो. आपल्याकडे जास्त व्याजाच्या मोहाने पुष्कळ पैसा सौहार्द सहकारी संस्थांत जातो. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारामागे, एका बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थांना तो लागू नाही. बँकेचेही खरे मानू नये: सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रथम खात्यातून फक्त एक हजार रुपये काढावयाची मुभा होती, आणि दारात उभे राहिलेल्यांत निवृत्त माणसे पुष्कळ होती. कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना तर जुन्या पद्धतीची पेन्शनही ठरलेली नव्हती. त्यांना नवी योजना लागू झाली. ज्याच्या मागे पेन्शन नाही किंवा थोडी आहे, त्याने हाती आलेली रक्कम ही बक्षीस न समजता पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा पगार एकदम मिळाला असे समजावे.

आणि ज्यांच्याजवळ राखावयाला काहीच नाही? आपल्या मंडळ्यांत तेच अधिक आहेत. दुसऱ्याच्या शेतात तूर काढण्यात हयात गेली, फंड नाही, सातबारा-पहाणी नाही. त्यांना वरील उपदेश म्हणजे थट्टा वाटेल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने क्रम सांगितला आहे. विधवेला मुले-नातवंडे असतील तर त्यांनी आधी सांभाळ करावा, आणि जिला कोणीच नाही तिचा भार मंडळीने घ्यावा. पासष्ट वर्षांवरील गरिबांसाठी सरकारची संध्या सुरक्षा योजना आहे, विधवांसाठी वेतन आहे. पण अर्ज कन्नडात, वयाचा पुरावा नाही, आधारावरील बोटांचे ठसे कष्टाने झिजलेले. येथे मंडळीतल्या तरुणांना पुष्कळ काम आहे. मिशनच्या आवारातील घर नोकरी संपल्यावर सोडावे लागते, अशी कुटुंबेही आहेत. त्यांना निवृत्तीच्या दिवशी शाल देण्याऐवजी दोन वर्षे आधी जागेची विचारपूस करावी. कोणाही वृद्धाने दस्तावर सही करण्यापूर्वी कन्नड जाणणाऱ्या, त्या व्यवहारात ज्याचे हित नाही अशा माणसाने तो कागद त्याला मराठीतून वाचून दाखवावा, एवढी व्यवस्था प्रत्येक मंडळीच्या पंचांना सहज करता येईल.

आता अपवाद. तीन भावंडांपैकी दोन पुण्याला गेली. एक मुलगा गावी राहिला, वीस वर्षे बापाचे शेत केले, आईचे दुखणे काढले. पहाणीवर त्याचे नाव नाही, म्हणून त्याला स्वतःच्या नावाने पीककर्ज मिळत नाही. त्याची मेहनत कोणत्याच कागदावर नाही. बाप गेल्यावर कायदा तिघांना सारखे देईल, आणि पुण्याची भावंडे आपला वाटा विकावयास येतील. अशा मुलाला, मालकी राखणे तुझ्याही हिताचे आहे, असे मी सांगू लागलो तर तो ऐकून घेईल, पण त्याच्या मनात जे येईल ते रास्तच असेल. थोरल्या पुत्राची तक्रार येथे खरी आहे. त्याला करडूही मिळालेले नाही. अशा ठिकाणी आईबापांनी आपल्या पोटापुरते व राहते घर बाजूला काढून, चार एकरांतले दोन एकर त्याच्या नावे हयातीतच करून द्यावेत. पुण्याच्या भावंडांना बोलावून, त्यांच्या समक्ष, सांभाळाची अट लिहून द्यावे. बहीण रुसेल, एखाद्या वर्षी नाताळला येणार नाही. तरी बापाच्या तोंडून, तो जिवंत असताना कारण ऐकलेले असले, तर ती पुढच्या वर्षी येण्याचा संभव अधिक आहे.